दुसरा पूल कधी बांधायचा?

'अभियांत्रिकी डिझाइन प्रक्रियेच्या पायऱ्या क्रमाने लिहा. (गुण ५)' असा प्रश्न पेपरात आला की विद्यार्थी खूश होतात. समस्या ओळखा, माहिती गोळा करा, कल्पना सुचवा, पर्याय निवडा, नमुना बनवा, चाचणी घ्या, सुधारणा करा. सात ओळी, पाच गुण. ज्याने आजवर एकही वस्तू बनवून मोडलेली नाही त्यालाही हा प्रश्न पूर्ण सुटतो. ज्याने चार बनवून चारही मोडल्या आहेत त्याचाच क्रम चुकण्याचा संभव जास्त, कारण त्याच्या हाताखाली तो कधी सरळ आलेलाच नसतो.

पायऱ्याच नकोत असं माझं म्हणणं नाही. नवशिक्याला धरायला कठडा लागतो. टेबलावर कागद, कात्री, चिकटपट्टी ठेवून 'काहीतरी बनवा' म्हटलं की निम्मी मुलं पहिल्या सुचलेल्या कल्पनेला चिकटतात आणि उरलेली शेजारच्या टेबलाकडे बघत बसतात. पण पायऱ्या किती आणि त्यांची नावं काय, ही निव्वळ सोयीची बाब आहे. बॉस्टनच्या म्युझियम ऑफ सायन्सने प्राथमिक शाळांसाठी तयार केलेल्या अभ्यासक्रमात त्या पाच होत्या: विचारा, कल्पना करा, आखा, बनवा, सुधारा. अमेरिकेत २०१३ साली आलेल्या विज्ञानशिक्षणाच्या मानकांत तीनच भाग आहेत: समस्या नेमकी मांडणं, उपाय तयार करणं आणि निवडलेला उपाय कसाला लावून सुधारणं. दुसरीकडे कुठे सात आहेत, कुठे आठ. तेव्हा 'चौथी पायरी कोणती?' या प्रश्नाला एकच एक बरोबर उत्तर नाही, आणि ज्या प्रश्नाला ते नाही त्याला गुण द्यायचे तरी कशाचे?

या सगळ्या तक्त्यांत एक गोष्ट मात्र सारखी असते, ती म्हणजे मागे वळणारा बाण. चाचणीकडून कल्पनेकडे जाणारा, कधी थेट समस्येकडे नेणारा. भिंतीवरच्या तक्त्यात तो ठळक काढलेला असतो, वेळापत्रकात त्याला जागा नसते. पाच तासिका पहिला नमुना बनवण्यात जातात, सहावीत चाचणी होते, घंटा वाजते, आणि 'सुधारणा' हा वहीतला एक परिच्छेद होऊन राहतो: 'आणखी मजबूत साहित्य वापरता आलं असतं.' दुसरा नमुना बांधायला वेळ राखलेला नसेल तर त्या उपक्रमाला हस्तकला म्हणावं. हस्तकलेत कमीपणा काहीच नाही, पण तिला डिझाइन म्हणू नये.

हा बाण किती महत्त्वाचा आहे ते बघायला राइट बंधूंची उड्डाणापूर्वीची दोन वर्षं पुरेशी आहेत. १९०१ सालचं त्यांचं ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) हिशेबात आलेल्या उचलीच्या जेमतेम एक तृतीयांश उचल देत होतं. पंख आणखी मोठे करून बघणं सोपं होतं. त्याऐवजी त्यांनी ज्या आकड्यांवर हिशेब बेतला होता त्यांच्यावरच शंका घेतली. सुमारे १.८ मीटर लांबीची लाकडी पेटी करून तिच्यात वारा सोडला आणि पंखांचे सुमारे २०० छोटे नमुने तपासले. हवेच्या दाबाचा जो गुणांक तेव्हा सर्रास ०.००५ धरला जायचा, तो प्रत्यक्षात ०.००३३च्या आसपास निघाला. त्या मोजमापांवर १९०२ चं ग्लायडर झालं, आणि १७ डिसेंबर १९०३ ला इंजिनाचं विमान पहिल्यांदा १२ सेकंद आणि त्याच दिवशी चौथ्या खेपेला ५९ सेकंद हवेत राहिलं. तक्त्याप्रमाणे 'माहिती गोळा करा' ही दुसरी पायरी. राइट बंधूंनी सगळ्यात मोलाची माहिती गोळा केली ती चाचणीत नापास झाल्यावर. हा क्रम पेपरात लिहिला असता तर मार्क कापले गेले असते.

आता वर्गात हे कसं करायचं ते एकाच उपक्रमावर बघू. कागदी पूल मुद्दाम निवडतो आहे, कारण तो दहा मिनिटांत बांधता येतो, दोन मिनिटांत मोडतो आणि मोडल्याचं कुणाला दुःख होत नाही. दुसरी फेरी हवी असेल तर पहिली स्वस्त आणि झटपट असायला हवी. तीन आठवडे खपून, रंग देऊन केलेलं मॉडेल मोडून पुन्हा करायला कोणतंही मूल तयार होणार नाही. मोठी माणसंही होत नाहीत.

साहित्य: ए-४ आकाराचा, ८० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारा) एक कागद आणि २० सेंटिमीटर चिकटपट्टी. या कागदाचं वजन जवळजवळ ५ ग्रॅम भरतं, आणि ते मुलांनी स्वतः काढावं (०.२९७ × ०.२१० × ८०). सारख्या उंचीच्या दोन ठोकळ्यांमध्ये २० सेंटिमीटरचं अंतर. पूल ठोकळ्यांना चिकटवायचा नाही. मधोमध एक हलका प्लास्टिकचा पेला ठेवायचा आणि त्यात ५०-५० मिलिलिटर पाणी ओतत जायचं. पाण्याचा फायदा असा की १ मिलिलिटर म्हणजे १ ग्रॅम, वेगळी वजनं लागत नाहीत आणि भार हळूहळू वाढवता येतो. प्रत्येक ओतणीनंतर १० सेकंद थांबायचं. खाली ट्रे ठेवायचा, नाहीतर पहिल्याच पुलानंतर ठोकळे ओले, मग कागद ओला, आणि पुढच्या गटाचे आकडे निकामी. ओला कागद आपला कडकपणा पार गमावतो.

बहुतेक ठिकाणी पहिली चूक इथेच होते. 'जास्तीत जास्त वजन पेलणारा पूल बांधा' एवढं सांगून शिक्षक बाजूला होतात. पण पूल 'मोडला' कधी म्हणायचं? कागद फाटल्यावर? पेला पडल्यावर? पूल मध्ये ३ सेंटिमीटर लोंबला, पेला मात्र टिकून आहे, तर काय? हे आधी ठरलेलं नसेल तर चाचणीच्या वेळी भांडणं होतात, आणि भांडणात ज्याचा आवाज मोठा त्याचा पूल मजबूत ठरतो. म्हणून पहिली तासिका बांधणीची नसावीच. तिच्यात मुलांनी दोन वेगळ्या याद्या कराव्यात. एक अटींची: एकच कागद, २० सेंटिमीटर पट्टी, ठोकळ्यांना चिकटवायचं नाही. अट मोडली की पूल बाद, त्यात कमी-जास्त नाही. दुसरी निकषांची: किती भार, किती झोल, बांधायला किती वेळ. निकषात कमी-जास्त असतं आणि एकाची दुसऱ्याशी ओढाताण असते. आणि शेवटी एक वाक्य: 'पेला पडला किंवा मध्ये २ सेंटिमीटरपेक्षा जास्त झोल आला की पूल मोडला असं धरू.' हे वाक्य मुलांनी लिहिलं की निम्मं काम झालं. 'मजबूत', 'चांगला', 'टिकाऊ' असले शब्द यादीत दिसले की शिक्षकाने एकच प्रश्न विचारावा: मोजणार कसं?

अनुभवी इंजिनिअर आणि नवे विद्यार्थी यांना तोच प्रश्न देऊन केलेल्या अभ्यासांतही हा फरक दिसला आहे. मुरलेली माणसं समस्या समजून घेण्यात आणि माहिती मिळवण्यात जास्त वेळ घालवतात, नवशिके थेट उपायावर उडी मारतात. अर्थात मुरलेल्यांच्या यादीतूनही काहीतरी सुटतंच. लंडनचा मिलेनियम पादचारी पूल १० जून २००० ला खुला झाला आणि दोनच दिवसांत बंद करावा लागला. पूल भाराला कमी पडला नव्हता, तो आडवा डोलत होता. माणूस चालताना दर पावलाला थोडा बाजूलाही रेटा देतो. पूल जरासा डोलला की लोक तोल सांभाळायला नकळत त्याच तालात पावलं टाकतात, आणि डोलणं वाढत जातं. पादचाऱ्यांचा असा एकत्रित आडवा रेटा त्या वेळच्या नियमांच्या यादीत नव्हता. डोलणं जिरवणारे जवळपास ९० कंपशामक बसवून पूल फेब्रुवारी २००२ मध्ये पुन्हा खुला झाला. शाळेतल्या मुलांना हे सांगायचं ते 'बघा, मोठेही चुकतात' असा दिलासा द्यायला नाही. चाचणीतून समस्येची व्याख्याच बदलते, एवढं त्यातून दिसावं. कागदी पुलावरही ते दिसतं: पहिल्या चाचणीत अनेक पूल मोडतच नाहीत, एका बाजूला कलंडतात आणि पेला घसरतो. मग यादीत नवा निकष येतो, स्थैर्याचा. तो मुलांनी स्वतः शोधून काढलेला असतो.

कल्पना सुचवण्याची पायरी म्हणजे वर्गात सगळ्यात जास्त गोंगाट आणि सगळ्यात कमी कल्पना. गटात बसून मोठ्याने कल्पना मांडण्याची पद्धत अतिशय लोकप्रिय आहे, पण येल विद्यापीठात १९५८ साली झालेल्या प्रयोगात उलटं दिसलं. एकेकट्याने विचार करणाऱ्या माणसांच्या कल्पना नंतर एकत्र केल्या तेव्हा त्या तेवढ्याच माणसांच्या गटापेक्षा जास्त भरल्या. कारणं वर्गातही उघड दिसतात: एक बोलत असताना बाकीचे थांबतात, आणि पहिल्या बोलणाऱ्याची कल्पना सगळ्यांच्या डोक्यात बसते. म्हणून सहा मिनिटं पूर्ण शांतता, प्रत्येकाने तीन कच्च्या आकृत्या काढायच्या, रबर वापरायचा नाही, मग गटात दाखवायच्या. तिसरी आकृती काढताना मुलं हटकून कंटाळतात. तिथेच थोडं रेटावं, कारण पहिल्या दोन बऱ्याचदा कुठेतरी पाहिलेल्या असतात.

शिक्षकाचा सगळ्यात चांगला हेतू याच पायरीवर सगळ्यात जास्त नुकसान करतो. 'मुलांना अंदाज यावा' म्हणून मागच्या वर्षीचा उत्तम पूल टेबलावर ठेवला जातो. जॅन्सन आणि स्मिथ यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका प्रयोगात न सांडणारा कॉफीचा पेला डिझाइन करायला दिला होता, आणि नळी (स्ट्रॉ) वापरू नका अशी स्पष्ट सूचना होती. काहींना नमुना म्हणून जे चित्र दाखवलं त्यात नळी होती. चित्र पाहिलेल्यांच्या डिझाइनमध्ये ती मनाई केलेली नळी जास्त वेळा उतरली. डोळ्यांनी सूचनेवर मात केली. नमुना दाखवायचाच असेल तर पहिल्या चाचणीनंतर दाखवावा आणि सोबत त्याचे दोष विचारावेत.

मग येतो निवडीचा तक्ता. स्टुअर्ट प्यू या ब्रिटिश अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत साधी आहे: एक पर्याय संदर्भ म्हणून धरायचा, बाकीचे प्रत्येक निकषावर त्याहून बरे (+), वाईट (−) की सारखे ते लिहायचं. प्रत्यक्षात वर्गात हा तक्ता म्हणजे वरातीमागून घोडं असतं. गटाने आवडता पूल आधीच निवडलेला असतो, आणि मग त्याच्याच बाजूला अधिकची चिन्हं पडत जातात. यावर दोन उपाय चालतात. निकषांना द्यायचं महत्त्व आकृत्या बघण्याआधी ठरवून शाईने लिहायचं. आणि तक्ता भरल्यावर एका निकषाचं महत्त्व बदलून बघायचं. तेवढ्याने निकाल फिरला, तर निवड पक्की नाही, दोन्ही पर्याय बांधून बघा. उणे चिन्हांकडे बघणं बेरजेपेक्षा जास्त उपयोगाचं, कारण पहिल्याचं उणं दुसऱ्याच्या अधिकने भरून काढणारा तिसरा पूल तिथेच सापडतो. प्यू यांच्या पद्धतीचा जीव त्यातच आहे, आणि शाळेच्या वहीत उतरते ती फक्त बेरीज.

पहिली बांधणी २० मिनिटांत आटोपावी. आता मोडण्याकडे या, कारण शिकणं इथे आहे. सपाट कागद स्वतःच्या वजनानेच झोल खातो. मुलं लवकरच पंख्यासारख्या लांबीच्या दिशेने घड्या घालतात. घडीच्या पट्ट्या १ सेंटिमीटर रुंद ठेवल्या तर २१ होतात, २ सेंटिमीटरच्या ठेवल्या तर साधारण दहा. कागद तेवढाच, वजन तेवढंच, पण कोन तोच ठेवून घडीची उंची दुप्पट झाली की पुलाचा वाकण्याला होणारा विरोध साधारण चौपट होतो. इथवर कळलं की हुशार गट ४ सेंटिमीटरच्या घड्या घालतो आणि त्याचा पूल आधीच्यापेक्षा लवकर बसतो! कारण उंच, पातळ भिंत दाबाखाली बाजूला फुगते: तिची रुंदी दुप्पट केली की फुगायला लागणारा ताण चौथ्या हिश्श्यावर येतो. एक गोष्ट चौपट वाढली, दुसरी चौपट घटली, उत्तम उंची मधेच कुठेतरी आहे आणि ती कुठे आहे हे या कागदावर, या पेल्याखाली, चाचणीनेच कळतं. गणित दिशा दाखवतं, मुक्काम चाचणी ठरवते. एवढं एक समजलं तरी उपक्रम वसूल.

आणखी एक मोड बघण्यासारखी असते. घड्यांचा पूल आधी छान भार घेतो आणि मग एकदम सपाट होतो. निरखून पाहिलं तर फाटलेलं काही नसतं. भाराखाली घड्या बाजूला पसरतात, पसरल्या की उंची कमी होते, उंची कमी झाली की पूल आणखी वाकतो, आणखी पसरतो. दुरुस्ती अगदी छोटी आहे: पुलाखालून दोन ठिकाणी आडव्या चिकटपट्ट्या, घड्यांना पसरू न देणाऱ्या. पण हे सुचायला मोडताना बाजूने बघावं लागतं. वर्गातली सगळी मुलं पेल्याकडे बघत असतात, म्हणून गटातल्या एकाला 'बघ्या' नेमावं: त्याने पाणी ओतायचं नाही, धरायचं नाही, फक्त डोळे पुलाच्या बाजूला लावून पहिला बदल कुठे झाला ते सांगायचं. मोबाइलवर मंदगती चित्रण करता आलं तर फारच उत्तम.

एका चाचणीवर निकाल लावू नये हेही इथेच शिकवता येतं. समजा, एका रचनेच्या तीन पुलांनी ३५०, ५०० आणि ४०० ग्रॅम पेलले, दुसरीच्या तीन पुलांनी ४५०, ४०० आणि ५५०. सरासरी दुसऱ्या रचनेची जास्त आहे. पण दोन्हींचे आकडे एकमेकांत इतके मिसळले आहेत की दुसरी खरोखर सरस आहे असं म्हणता येत नाही. फरक हाताच्या सफाईचा असू शकतो, पेला मधोमध नसल्याचा असू शकतो, कागदाच्या तंतूंच्या दिशेचाही असू शकतो, कारण यंत्रावर तयार होणारा कागद एका दिशेने जास्त ताठ असतो. म्हणून एका रचनेचे तीन पूल बांधायचे आणि दुसऱ्या फेरीत एकच गोष्ट बदलायची. घडीची उंची, खालच्या पट्ट्या आणि पेल्याची जागा तिन्ही एकदम बदलून पूल सुधारला, तर कशामुळे सुधारला हे कुणालाच कळत नाही. गट खूश, वही रिकामी.

आणि बदल झाला की पुन्हा चाचणी, बदल कितीही किरकोळ वाटला तरी. १९८१ साली कॅन्सस सिटीतल्या एका हॉटेलात टांगते पादचारी मार्ग कोसळून ११४ माणसं दगावली. मूळ आराखड्यात छतापासून एकच लांब सळई वरच्या आणि खालच्या दोन्ही मार्गांतून आरपार जाणार होती. बांधणीच्या सोयीसाठी तिच्या दोन सळया झाल्या: एक छतापासून वरच्या मार्गापर्यंत, दुसरी वरच्या मार्गापासून खालच्या मार्गापर्यंत. कागदावर फरक दिसायला नगण्य, पण त्यामुळे वरच्या मार्गाच्या जोडावर दोन्ही मार्गांचा भार आला, म्हणजे दुप्पट. मूळचा जोडही नियमाला पुरेसा नव्हता, हे नंतरच्या तपासात निघालं. 'सुधारणा करा' ही शेवटची पायरी म्हणून शिकवली की तिच्यानंतर काही करायचं असतं हेच मुलांच्या मनात राहत नाही.

यावर नेहमी येणारा आक्षेप विज्ञानशिक्षकांचा असतो: आधी वाकणं, ताण, दाब शिकवा, मग पूल बांधायला द्या, नाहीतर ती नुसती खटपट होते. खटपटीची भीती खरी आहे. सिद्धांत कधीच आला नाही तर मुलं टेप वाढवत बसतात. पण सिद्धांत आधी शिकवला तर तो कुणी मागितलेला नसतो. माझ्या मते त्याची जागा पहिल्या आणि दुसऱ्या पुलाच्या मध्ये आहे. पूल डोळ्यांदेखत बसला आहे, '४ सेंटिमीटरची घडी का हरली?' हा प्रश्न वर्गात लोंबकळतो आहे, त्या वेळी वीस मिनिटांचा पाठ जेवढा आत जातो तेवढा आधीच्या दोन तासिकांचा जात नाही. चाळीस-चाळीस मिनिटांच्या सहा तासिका मिळत असतील तर वाटणी अशी करता येते: पहिलीत अटी, निकष आणि मोडण्याची व्याख्या. दुसरीत एकट्याने आकृत्या, निवड आणि पहिली बांधणी. तिसरी पूर्ण चाचणीची. चौथीत विज्ञान आणि बदलाचा निर्णय. पाचवीत दुसरी बांधणी व चाचणी. सहावीत लिहिणं आणि एकमेकांना प्रश्न विचारणं. चारच तासिका असतील तर बांधणी आणखी छोटी करावी, गटाला तीनऐवजी दोन पूल चालतील. दुसरी फेरी कापू नये.

उपक्रमाची निवडही या कसोटीवर व्हावी. उंचावरून अंडं टाकण्याचा लोकप्रिय उपक्रम या दृष्टीने कच्चा आहे. ३ मीटरवरून पडणारी वस्तू जमिनीला ताशी सुमारे २८ किलोमीटर वेगाने भिडते, आणि उत्तर काय मिळतं? फुटलं किंवा नाही फुटलं. किती थोडक्यात वाचलं, कुठे दणका बसला, काहीच कळत नाही. वाचलेलं अंडं पुन्हा वापरलं तर त्यात न दिसणारी चीर असू शकते. तो घ्यायचाच असेल तर अर्ध्या मीटरपासून सुरुवात करून उंची टप्प्याटप्प्याने वाढवावी, दर वेळी अंडं नवीन. वाळूच्या गाळणीचा उपक्रम याहून बराच समृद्ध आहे, कारण त्यात मोजायला दोन गोष्टी मिळतात आणि त्या एकमेकींना ओढतात: पाणी किती नितळ आणि अर्धा लिटर गाळायला किती वेळ. बारीक वाळूने नितळपणा वाढतो, वेग मरतो. तिथली नेहमीची फजिती म्हणजे गाळणीतून आत गेलेल्यापेक्षा घाण पाणी बाहेर येतं, कारण वाळू धुतलेलीच नसते. पण त्यात एक धोकाही आहे. 'नितळ' हा निकष मुलांच्या मनात हळूच 'पिण्यायोग्य' होतो. शाळेतल्या बाटलीभर वाळूतून जंतू बिनदिक्कत पार होतात. खऱ्या मंद वाळू-गाळण्यांत वाळूच्या वरच्या थरावर सूक्ष्मजीवांची साय धरायला काही आठवडे लागू शकतात, आणि शुद्धीकरणाचं बरंचसं काम तीच करते. ते पाणी कुणी पिऊन बघायचं नाही, ही अटींच्या यादीतली पहिली ओळ असावी.

गुणांकडे वळू, कारण शेवटी मुलं आणि पालक तिथेच बघतात. सगळ्यात जास्त भार पेलणाऱ्या पुलाला पहिला नंबर दिला की डिझाइन संपलं. दुसऱ्या फेरीत सगळे विजेत्याची नक्कल करतात, अपयशाचे आकडे वहीतून गायब होतात आणि नीटनेटक्या अक्षरात खोटी चाचणी उतरते. २० गुण असतील तर पुलाने पेललेल्या भाराला ३ पुरेत. समस्येच्या मांडणीला ५, चाचणीच्या नोंदींना ५ आणि उरलेले ७ एकाच गोष्टीला: पहिल्या पुलात काय दिसलं आणि त्यावरून दुसऱ्यात नेमकं काय बदललं. 'पूल कमकुवत होता म्हणून मजबूत केला' याला शून्य. 'तिसऱ्या ओतणीला डावीकडच्या दोन घड्या बाहेर पसरल्या, म्हणून त्या जागी खाली आडवी पट्टी लावली, बाकी काही बदललं नाही' याला सातपैकी सात, मग दुसरा पूल पहिल्यापेक्षा वाईट निघाला तरी. विशेषतः वाईट निघाला तर, आणि त्याने तो आकडा लपवला नाही तर.

पन्नास-साठ मुलांच्या वर्गात एवढ्या वह्या कोण तपासणार, हा प्रश्न रास्त आहे. त्यावर उपाय वहीच छोटी करणं. प्रत्येक फेरीला अर्धं पान पुरतं: बाजूने काढलेली एक आकृती मापांसह, चाचणीचे आकडे एककांसह, मोडायला सुरुवात कुठून झाली त्यावर बाण, आणि एक वाक्य 'म्हणून पुढे'. एककांचा आग्रह मात्र सोडू नये. १९९९ साली मंगळाजवळ नासाचं एक यान गमावलं गेलं, कारण एक संगणकप्रणाली आवेगाचे आकडे पाउंड-सेकंदात देत होती आणि दुसरी ते न्यूटन-सेकंद समजून वाचत होती. फरक सुमारे ४.४५ पटींचा. '३५०' एवढंच लिहिलेला आकडा मिलिलिटर आहे, ग्रॅम आहे की पेल्यासकट वजन आहे हे दुसऱ्या दिवशी लिहिणाऱ्यालाही आठवत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त आवडतो: खरे इंजिनिअर असं पायऱ्यापायऱ्यांनी काम करतच नाहीत, मग मुलांना हे नाटक कशाला? करत नाहीत हे खरंच आहे. पण आरोह-अवरोह म्हणता आला म्हणजे राग आला असं कुणी समजत नाही, आणि आरोह-अवरोहाशिवाय कुणाला राग शिकवतही नाहीत. अडचण पायऱ्या शिकवण्यात नाही, परीक्षा फक्त आरोहाची घेण्यात आहे.

म्हणून पहिला बदल प्रश्नपत्रिकेतच करता येईल, त्याला साहित्यही लागत नाही. क्रम विचारण्याऐवजी मोडलेल्या पुलाची बाजूने काढलेली आकृती द्यावी, तीन चाचण्यांचे आकडे द्यावेत (त्यातला एक बाकीच्यांपासून मुद्दाम फार दूरचा), अटी आणि निकषांची यादी द्यावी, आणि विचारावं: 'यानंतर तुम्ही काय कराल? का?' उत्तरं वेगवेगळी येतील. कुणी घडीची उंची बदलेल, कुणी पट्टी लावेल. एखादी मुलगी लिहील की आत्ता काहीच बदलणार नाही, आधी तो दूरचा आकडा कुठून आला ते बघायला तसाच आणखी एक पूल बांधून मोडेन. तिला पूर्ण गुण द्यावे लागतील, आणि तपासणाऱ्याच्या नमुना उत्तरांत ते उत्तर आधीपासून असावं लागेल.